रोजगार प्रशिक्षण वर्ग: काही जण मध्येच सोडतात, काही नोकरी लागल्यावर सोडतात. आखणी नेमकी कुठे बदलावी?

नवी_फळी

आमचा गट सामुदायिक केंद्रात मोफत रोजगार प्रशिक्षण चालवतो. तीन महिने, आठवड्याला पाच दिवस, रोज चार तास, म्हणजे साधारण २४० तास. दोन विषय आहेत: इलेक्ट्रिकल पॅनल जोडणीतला मदतनीस आणि घरी जाऊन रुग्णाची काळजी घेणारा सहायक. एका बॅचला २४ जण, वय १८ ते ५०, सगळे एकाच वर्गात.

दर बॅचचं चित्र थोड्याफार फरकानं सारखंच असतं. २४ जण नाव नोंदवतात, १६ शेवटपर्यंत येतात, १२ कामाला लागतात आणि तीन महिन्यांनी चौकशी केली तर सात जण कामावर असतात. शिकवणारे अनुभवी आहेत, अभ्यासक्रमही अलीकडचा आहे. सर्वांत जास्त गळती पहिल्या तीन आठवड्यांत होते आणि नंतर नोकरी लागल्यावर पहिल्या महिन्यात.

प्रशिक्षणाचे तास वाढवावेत असं गटातल्या काहींचं मत आहे. पण गळती ज्या दोन ठिकाणी होते ती दोन्ही ठिकाणं शिकवण्याच्या बाहेरची वाटतात. जाणकारांनी कृपया सांगावं: विषय ठरवण्यापासून नोकरीनंतरच्या पाठपुराव्यापर्यंत कुठे काय बदलावं? तरुण आणि प्रौढ एकत्र बसवावेत का? देणगीदारांना कोणते आकडे द्यावेत?

मागणी_आधी

तुमचा अंदाज बरोबर आहे, तास वाढवून हे सुटणार नाही. सुरुवात नोकरीच्या टोकाकडून करा.

वर्ग सुरू करण्याआधी निदान आठ-दहा मालकांना किंवा सुपरवायझरना भेटा आणि "तुम्हाला माणसं लागतील का?" हा प्रश्न विचारूच नका. त्याला सगळे हो म्हणतात. विचारायचं ते असं: गेल्या बारा महिन्यांत या पदावर किती जण घेतले? त्यातले किती सोडून गेले, कितव्या आठवड्यात, आणि का? घेण्याआधी हातानं काय करून दाखवायला सांगता? पाळी किती वाजता सुरू होते? पहिला पगार रुजू झाल्यापासून किती दिवसांनी हातात पडतो? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

"आम्ही तुमच्या मुलांना प्राधान्य देऊ" अशा पत्रावर फारसा भरवसा ठेवू नका. त्यापेक्षा मालकाकडून दोन गोष्टी मागा: बॅचच्या सहाव्या आठवड्यात त्यांच्या सुपरवायझरनं अर्धा दिवस येऊन काम तपासणं, आणि शेवटच्या आठवड्यात ठरलेल्या तारखेला मुलाखती. ज्याला खरोखर माणसं हवी असतात तो हे दोन्ही देतो.

अभ्यासक्रम शिक्षकांना नव्हे, तर रोज ते काम करणाऱ्यांना विचारून बनवा. यासाठी डेकम नावाची पद्धत आहे, १९६०च्या दशकात कॅनडात तयार झालेली. त्या कामातले पाच ते बारा कुशल लोक साधारण दोन दिवस एकत्र बसतात, सूत्रधार प्रश्न विचारतो आणि भिंतीवर कार्डं लावत जातो: मोठ्या जबाबदाऱ्या एका उभ्या रांगेत, प्रत्येकीपुढे तिची छोटी कामं आडव्या रांगेत. वर्गात काय ठेवायचं नि काय गाळायचं ते या तक्त्यावरून ठरतं. गाळलेल्या धड्यांची यादी बरीच लांब निघाली तरी बिचकू नका. नव्या मदतनिसाला पहिल्या सहा महिन्यांत ज्याची गरज नाही ते नोकरीवर शिकता येतं.

पाना_पक्कड

वरच्या मताशी सहमत. माझा मुद्दा शिकवण्याच्या पद्धतीचा आणि बॅचच्या आकाराचा.

हाताचं काम शिकवायला एका शिक्षकामागे २४ जण फार झाले. १२ ते १६वर थांबा, आणि प्रत्येक दोघांत एक संच ठेवा. तिघांत एक संच झाला की तिसरा बघत बसतो, आणि जो बघत बसतो तोच आधी गैरहजर राहू लागतो. पहिला आठवडा पूर्ण सिद्धान्ताचा असेल तर तो आजच बदला. पहिल्याच दिवशी प्रत्येकानं काहीतरी पूर्ण करून ते तपासून घ्यायला हवं. तुमच्या पहिल्या तीन आठवड्यांच्या गळतीचं एक कारण इथे सापडेल.

शिकवण्यासाठी टीडब्ल्यूआयची (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री) चार पायऱ्यांची रीत आजही चोख आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत अननुभवी लोकांना झटपट तयार करण्यासाठी ती काढली. युद्धानंतर जपानमध्ये ती खूप रुजली. आधी शिकणाऱ्याची तयारी करा: त्याला काय येतं ते विचारा, बसण्या-उभं राहण्याची जागा अशी द्या की त्याला काम उलटं दिसणार नाही. मग करून दाखवा: एकदा फक्त पायऱ्या, दुसऱ्यांदा पायऱ्या आणि मेख (ज्यावर काम बनतं किंवा बिघडतं तो मुद्दा), तिसऱ्यांदा पायऱ्या, मेख आणि कारण. मग त्याच्याकडून करून घ्या आणि करता करता त्यालाच बोलायला लावा. शेवटी त्याला कामावर सोडा, अडलं तर कोणाला विचारायचं ते सांगा आणि तपासण्या हळूहळू कमी करा. सगळ्यात जास्त कसूर होते ती तिसऱ्या पायरीत. शिकणारा गप्प राहून काम करतो, ते बरोबर दिसतं, शिक्षक पुढे जातो. कारण त्याला कळलं आहे की नाही हे तोंडानं सांगितल्याशिवाय समजत नाही.

उदाहरण म्हणून तारेला लग, म्हणजे टोकाला दाबून बसवायचा धातूचा जोड, बसवण्याचं काम घ्या. कागदावर तीन रकाने आखा: पायरी, मेख, कारण.

तार सोलणे. मेख: लगच्या बॅरलच्या (तार आत जाते त्या नळीच्या) लांबीपेक्षा साधारण १ मिमी जास्त सोलायची, स्ट्रिपरनं, ब्लेडनं नाही. कारण: ब्लेडनं आतले पदर कापले जातात, तेवढी तार बारीक होते आणि त्या जागी तापते.

तार लगमध्ये घालणे. मेख: सगळे पदर आत, एकही बाहेर नाही, आणि बॅरलच्या आत आवरण शिरलेलं नाही. कारण: आवरणावर दाब बसला तर धातूला धातू नीट भिडत नाही.

दाबणे. मेख: पकडीतला साचा लगच्या मापाचाच हवा. कारण: साचा मोठा पडला तर जोड सैल राहून तापतो, छोटा पडला तर पदर चिरडतात.

ओढून बघणे. मेख: हातानं सरळ ओढायचं, वाकवायचं नाही.

रुग्णसेवेतही हेच चालतं. पलंगावरून चाकाच्या खुर्चीत बसवताना "ब्रेक लावा" एवढं सांगून भागत नाही. दोन्ही चाकांचे ब्रेक, पायठेवणी बाजूला, खुर्ची रुग्णाच्या बळकट अंगाकडे, रुग्णाचे तळवे जमिनीवर सपाट, आपले गुडघे वाकलेले आणि कंबर सरळ. प्रत्येकाचं कारण वेगळं आहे आणि ते शिकणाऱ्याला सांगता आलं पाहिजे.

सामानाचा हिशेब आधी करा. १६ जण, लगची तीन मापं, प्रत्येकी २० वेळा सराव: ९६० लग. वाया जाणारे १५ टक्के धरले तर साधारण ११०० मागवा. बहुतेक ठिकाणी अवजारांवर खर्च होतो आणि खपणारं सामान निम्मंच येतं. मग सराव दोन-तीन वेळांवर थांबतो आणि मालकाच्या चाचणीत हात थरथरतो.

सोबत

नोकरीनंतरच्या पहिल्या महिन्यातली गळती मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिचं मोठं कारण साधं आहे आणि दुरुस्त करता येतं: मधल्या काळात हातात पैसे नसतात.

विद्यावेतन प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी बंद होतं. मुलाखत, कागदपत्रं, रुजू होणं यात दीड-दोन आठवडे जातात. त्यानंतर महिनाभर काम केल्यावर पहिला पगार. म्हणजे पाच ते सहा आठवडे उत्पन्न शून्य, आणि याच काळात रोजचा प्रवास, डबा, कामाचे बूट हा खर्च नव्यानं सुरू झालेला. माणूस रोख मजुरीच्या जुन्या कामाकडे वळतो आणि नोंदवहीत आपण लिहितो "टिकला नाही". मालकांना पहिल्या पगाराची तारीख विचारायला वर सांगितलंय ते यासाठीच. तेवढ्या दिवसांचा प्रवासखर्च आणि जेवण धरून एक छोटी रक्कम बाजूला ठेवा आणि ती तीन हप्त्यांत द्या: रुजू होण्याच्या दिवशी, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी, चौथ्या आठवड्याच्या शेवटी. एकरकमी देऊ नका, कारण ती घरातल्या आधीच्या देण्यात जाते. कर्ज म्हणूनही देऊ नका. पहिल्या पगारातून फेडायचं म्हटलं की तोच खड्डा एक महिना पुढे सरकतो.

दुसरी गोष्ट, अडचणी नोंदणीच्या दिवशीच विचारा. पण "काही अडचण आहे का?" असं विचारलं तर कोणी सांगत नाही. पाऊण तास एकेकट्याशी बसून ठोस विचारा. सकाळच्या पाळीला पोचायला किती वाजता निघावं लागेल आणि त्या वेळी वाहन मिळतं का? लहान मुलं किंवा आजारी माणूस त्या वेळेत कोणाकडे? तो माणूस आजारी पडला तर दुसरं कोण? ओळखपत्रावरचं, बँकखात्यावरचं आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव अक्षरशः सारखं आहे का? यातला शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण नावातल्या एका अक्षराच्या फरकानं पगार अडकतो आणि दुरुस्तीला आठवडे लागतात. ती दुरुस्ती पहिल्या आठवड्यात सुरू केली तर बॅच संपेपर्यंत बहुधा होऊन जाते.

चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाला जवळचं वाचता येतं का, ते पहिल्याच दिवशी बघा. बारीक अक्षरातली औषधाची चिठ्ठी किंवा तारेवरचा क्रमांक दिसत नसेल तर माणूस "मला जमत नाही" म्हणून सोडून जातो. चष्मा लागलाय हे त्याच्या आणि शिक्षकाच्या दोघांच्याही लक्षात येत नाही.

हजेरीबाबत एकच नियम पाळा: गैरहजर माणसाला वर्ग सुरू झाल्यापासून तासाभरात फोन. दुसऱ्या दिवशी नाही. सलग तीन दिवस न आलेला माणूस परत यायला लाजतो, त्यामुळे फोनवर कारण उकरण्याआधी "उद्या ये, चुकलेलं प्रात्यक्षिक साडेचारला करून घेऊ" हे सांगा.

हे सगळं शिक्षकावर टाकू नका, वेगळा माणूस लागतो. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना नोकरीत आधार देणारी आयपीएस (इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट) नावाची पद्धत आहे. तिच्यात एका कार्यकर्त्याकडे जास्तीत जास्त २० जण असावेत असा दंडक आहे, आणि नोकरी लागली म्हणून आधार बंद होत नाही. तुमच्याकडे गरज तितकी दाट नसेल, म्हणून २५ धरा. आता मोजा: दर तिमाहीला नवी बॅच, पाठपुरावा सहा महिने. चालू २४ आणि आधीच्या दोन बॅचचे १२-१२, म्हणजे कोणत्याही दिवशी ४८ जण. दोन पूर्णवेळ माणसं हवीत. एकच ठेवला तर तो चालू बॅचमध्ये अडकतो आणि नोकरीला लागलेल्यांना फोन करायचे राहतात. आयपीएसमधली आणखी एक गोष्ट घेण्यासारखी: नोंदणी झाल्यापासून ३० दिवसांच्या आत मालकाशी प्रत्यक्ष गाठ. लांबलचक तयारी करून मग नोकरी शोधायची, असं तिथे नाही.

नवी_फळी

मधल्या पाच-सहा आठवड्यांचा विचार आम्ही केलाच नव्हता. सोडून गेलेल्यांच्या तारखा बघितल्या, बहुतेक जण पहिल्या पगाराच्या आधीच गेलेले आहेत.

दोन उपप्रश्न. प्रवेशाला परीक्षा ठेवावी का? आणि काही जणांचं गणित फार कच्चं आहे, त्यांना आधी वेगळा वर्ग द्यावा का?

सोबत

लेखी परीक्षा नको. दोन दिवसांचा परिचय ठेवा: एक दिवस प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी, पूर्ण पाळी, उभं राहून, दुसरा दिवस कार्यशाळेत एक छोटं काम. त्यानंतर नाव पक्कं करायचं की नाही हे त्यानंच ठरवायचं. रुग्णसेवेत तर हे फारच गरजेचं आहे. अंघोळ घालणं, मलमूत्र साफ करणं या कामाचा भाग आहे हे पाचव्या आठवड्यात कळलं तर जागा वाया जाते आणि माणूसही दुखावतो. बॅचला १६ हवेत तर परिचयाला २२-२४ बोलवा.

पाना_पक्कड

गणिताचा वेगळा वर्ग आधी ठेवलात तर त्यातच निम्मे गळतील. शाळेत जिथे मन उठलं होतं तीच जागा पुन्हा समोर येते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या आय-बेस्ट या प्रशिक्षण कार्यक्रमात कामाचा शिक्षक आणि भाषा-गणिताचा शिक्षक निदान निम्मा वेळ एकाच वर्गात एकत्र शिकवतात. तुम्हाला दुसरा शिक्षक आठवड्याला सहा तास मिळाला तरी पुष्कळ.

गणित कामातलंच घ्या. उदाहरणार्थ जंतुनाशकाचं मिश्रण. "एकास दहा" म्हणजे एक भाग औषध आणि दहा भाग पाणी, एकूण अकरा भाग. "दहात एक" म्हणजे एक भाग औषध आणि नऊ भाग पाणी. एक लिटर तयार करायचं तर पहिल्यात औषध साधारण ९१ मिली, दुसऱ्यात १०० मिली. मापाच्या भांड्यानं दोन्ही करून बाजूबाजूला ठेवा आणि बाटलीवरच्या सूचनेत यातलं कोणतं लिहिलंय ते वाचायला लावा. भाषा, अपूर्णांक आणि सुरक्षितता एकाच तासात होते.

तरुण आणि प्रौढ कार्यशाळेत एकत्रच ठेवा, जोड्याही मिसळून लावा. मात्र आधार वेगळा द्या. अमेरिकेतल्या १९८२च्या जेटीपीए या रोजगार प्रशिक्षण कायद्याखालच्या प्रशिक्षणाचा मोठा अभ्यास झाला होता. त्यात प्रौढांच्या कमाईत थोडी वाढ दिसली, शाळा सुटलेल्या तरुणांच्या कमाईत मात्र दिसली नाही. मला यातून हे घ्यावंसं वाटतं की ज्यानं आधी कुठेच काम केलेलं नाही त्याला छोटा वर्ग पुरत नाही. त्याला वर्गानंतर चार-सहा आठवडे खऱ्या कामाच्या जागी, पगारी उमेदवारी हवी. वेळेवर येणं, सुपरवायझरनं रागावल्यावर काय बोलायचं, सुट्टी कशी मागायची, हे तिथेच शिकलं जातं.

मागणी_आधी

जे १६ पूर्ण करतात त्यातल्या चौघांना काम लागत नाही, त्यांच्यासाठी रोजगार शोधायचा गट चालवा. मानसशास्त्रज्ञ नेथन अझ्रिन यांनी १९७५मध्ये मांडलेला "जॉब क्लब" अजूनही उपयोगी आहे. नोकरी शोधणं हेच पूर्णवेळ काम समजायचं: रोज ठरलेल्या वेळी एकत्र जमायचं, जोड्या लावायच्या, एकानं फोन करायचा नि दुसऱ्यानं ऐकून सुधारणा सुचवायची. गट आठ-दहांचा पुरे. पहिली यादी जाहिरातींची करू नका, ओळखीच्यांची करा: नातेवाईक, जुने सहकारी, आधीच्या बॅचचे लोक. प्रत्येकाला नोकरी मागायची नाही, "तुमच्याकडे अशा कामाची भरती कोण बघतं?" एवढंच विचारायचं. रोज दहा फोन हे लक्ष्य ठेवा आणि प्रत्येकाची नोंद एका ओळीत: कोणाला, काय म्हणाले, पुन्हा कधी. गट बंद पडतो तो नोंद सुटल्यावर.

आकडेमोड

देणगीदारांच्या आकड्यांबद्दल. तुमच्याच संख्या घेऊ. १६ पैकी १२ कामाला लागले असं लिहिलं तर ७५ टक्के. नोंदलेल्या २४ पैकी १२ म्हणून मोजलं तर ५० टक्के. २४ पैकी सात जण ९०व्या दिवशी कामावर, तर २९ टक्के. तिन्ही खरे आहेत, पण तुम्हाला सुधारणा करायची असेल तर तिसराच कामाचा. छेद कायम नोंदणीच्या दिवशीची संख्या ठेवा. तो "पूर्ण करणारे" केला की गळती अहवालातून नाहीशी होते.

याचा एक धोकाही ओळखून असा. फक्त टक्केवारीवर पैसे मिळायला लागले की कार्यक्रम नकळत सोपी माणसं निवडायला लागतो. जेटीपीएच्या काळात यावर बरीच चर्चा झाली होती. म्हणून आकडा दोन भागांत द्या: आधी कधीतरी पगारी काम केलेले, आणि न केलेले. देणगीदाराला तुलना करू द्या, पण सरसकट एका आकड्यात नको.

३०, ९० आणि १८० या दिवशी नोंद करा आणि शक्य तिथे पगाराची पावती बघा. फोन न उचलणाऱ्याला "कामावर आहे" धरू नका, "संपर्क नाही" हा वेगळा रकाना ठेवा. नोंदणीच्या वेळीच आणखी दोन जवळच्यांचे क्रमांक आणि त्यांना फोन करण्याची लेखी परवानगी घ्या, कारण फोनचा क्रमांक सर्वांत आधी बदलतो. मालक बदलला पण काम चालू आहे, तर ती गळती नव्हे. तो रकानाही वेगळा.

नवी_फळी

खूप आभारी आहे. पुढची बॅच १६चीच घेतो, आधी दोन दिवसांचा परिचय, आणि मधल्या काळाची रक्कम अंदाजपत्रकात वेगळी दाखवतो. शेवटचं एक विचारतो: नोकरीला लागलेल्यांना फोन किती वेळा, आणि काय विचारायचं? आमचे फोन "सगळं ठीक ना?" "हो, ठीक" एवढ्यात संपतात.

सोबत

रुजू होण्याच्या आदल्या संध्याकाळी एक. पहिल्या दिवशी घरी पोचल्यावर एक. मग तिसऱ्या आणि सातव्या दिवशी. ३० दिवसांपर्यंत आठवड्याला, ९० पर्यंत पंधरवड्याला, १८० पर्यंत महिन्याला. प्रश्न असे की ज्यांचं उत्तर "ठीक" येऊच शकत नाही: उद्याची पाळी किती वाजता? जेवायला कोणाबरोबर बसलास? पगाराची तारीख सांगितली का आणि कोणी? काल कोणतं काम परत करायला लावलं?

जेवायला एकटाच बसतो असं सलग दोन आठवडे आलं तर सुपरवायझरला भेटून एखादा जुना कामगार त्याला जोडून द्यायला सांगा. सुपरवायझरला फोन करण्याआधी त्या माणसाची परवानगी मात्र घ्या. त्याच्या पाठीमागे बोललात तर तो पुढे काही सांगणार नाही.

पाना_पक्कड

"परत करायला लावलेलं काम" हे उत्तर शिक्षकापर्यंत त्याच आठवड्यात पोचवा. एकाच कामाचं नाव तीन वेगवेगळ्या जणांकडून आलं तर दोष शिकणाऱ्यांचा नाही, त्या कामाचा पायरी-मेख-कारण कागद काढून पुन्हा तपासा. आणि सुट्टीच्या दिवशी दोन तास कार्यशाळा जुन्या बॅचसाठी उघडी ठेवा, सामान तुमचं. कामावर विचारायला संकोच वाटतो ते इथे येऊन करून बघतात.